आपल्या वाटा आणि आपले क्रूस
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची आपण मला आज्ञा केली, ती मीं आनंदानें शिरसावंद्य मानली आहे. देवळाचा वृत्तांत इतर वक्त्यांनीं सांगितलाच आहे. मी आपणांस देवळाबाहेर, आपल्या वांद्र्याच्या रस्त्यांवर घेऊन जाणार आहे. ज्या वाटेनें आपण रोज जातों, ती वाट आपणांस ठाऊक असतेच असें नाहीं.

प्रथम खाडीवर चला. माहीम आणि वांद्रें यांमध्यें एके काळीं होडीचीच ये-जा होती. १८४० नंतरच्या दशकांत लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई या पारशी बाईनें पदरचे दीड लाखावर रुपये देऊन तेथें रस्ता बांधविला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यापासून पट्टी घेऊं नये असें ठरविलें. २००९ सालीं जवळच सागरी सेतु खुला झाला. त्याची पट्टी भरतांना तरी त्या उदार बाईची आठवण आपणांस व्हावी! पुढें १८६७ सालीं विरारहून मुंबईपर्यंत आगगाडी सुरू झाली, आणि भातशेतांचें व कोळ्यांचें हें गांव हळूहळू मुंबईचें उपनगर होऊं लागलें.

आतां हिल रोडनें पश्चिमेस वळूं. वाटेंत सेंट पीटरचें देऊळ लागतें, आणि त्याच्या शेजारीं १८६३ सालीं सुरू झालेली सेंट स्टॅनिस्लॉस शाळा. पुढें समुद्राच्या बाजूस सेंट अँड्र्यूचें देऊळ आहे. तें जेज्विट पाद्र्यांनीं १५७५ सालीं बांधलें. १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली; १७७४ सालीं साष्टी इंग्रजांनीं घेतली. राज्यें आलीं आणि गेलीं, देऊळ राहिलें. त्याच्या आवारांत सुमारें १७ फूट उंचीचा दगडी क्रूस आहे, आणि त्यावर प्रभूच्या दुःखसहनाचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. तो मूळचा जेज्विटांच्या सेंट अ‍ॅन विद्यालयांतील. विद्यालय नाहींसें झालें. क्रूस मात्र लोकांनीं जपला.

तेथून चढण चढून डोंगरावर जाऊं. आजचें देऊळ १९०४ सालचें. त्यापूर्वींचें १७६० च्या सुमारास पुन्हां उभारलेलें. सप्टेंबरच्या जत्रेंत तेथें हिंदु, पारशी, मुसलमान सर्वच मेणबत्त्या घेऊन येतात. कोळी बांधव तिला ‘मोत माउली’ म्हणतात. डोंगर या अर्थाचा परकी शब्द आपल्या लोकांच्या जिभेवर बसला आणि त्यास ‘माउली’ हा आपला शब्द जोडला गेला.

बंधुभगिनींनो, नांवांची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतों. हिल रोडचा रामदास नायक मार्ग झाला, टर्नर रोडचा गुरु नानक मार्ग झाला, कार्टर रोडला संगीतकार नौशाद अलींचें नांव मिळालें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. टर्नर आणि कार्टर हीं नांवें तरी आपल्या पूर्वजांनीं कोठें ठेविलीं होतीं? परंतु रानवर, चिंबई, पाली, शेर्ली, राजन हीं नांवें कोणीं फर्मान काढून बसविलीं नाहींत. तीं माणसांच्या बोलण्यांत जगलीं, आणि बोलणारा न उरला तर तीं बोलण्यांतूनच जातील.

हीच गोष्ट आपल्या गल्लीगल्लींतील क्रूसांची. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ आली. घरोघर माणसें दगावत होतीं. त्या दिवसांत आपल्या गांवठाणांनीं देवाचें संरक्षण मागून कित्येक क्रूस उभे केले. मे महिन्यांत तेथें जपमाळेची प्रार्थना होते आणि उकडलेले चणे वांटतात, हें आपण जाणतां.

आतां माझी एक चूक कबूल करतों. अशाच एका क्रूसावरून मी कित्येक वर्षें घाईनें जात आलों. त्याच्या चौथऱ्यावर कोरलेलीं अक्षरें मीं कधीं वाचलीं नाहींत. समोरच्या घरांतील एक वृद्ध आजी आजारी पडली, तेव्हां मी तिला पवित्र कम्युनियन देण्यास गेलों. ती म्हणाली, “फादर, माझ्या सासूनें मला हा खुरीस सोंपविला. मुलांनीं घर बिल्डराला द्यायचें ठरविलें आहे. माझ्या मागें येथें दिवा कोण लावील?” मजजवळ उत्तर नव्हतें. बाहेर येऊन मीं तीं अक्षरें वाचूं लागलों, तों अर्धीं झिजून गेलेलीं. आजीला विचारावें म्हणून पुढल्या आठवड्यांत गेलों, तोंवर तिची वाचा बंद झाली होती.

त्या दिवसापासून मला वाटतें कीं क्रूसाला हातोड्यापेक्षां आपल्या विस्मरणाचें भय अधिक आहे. ज्याची हकीकत सांगणारा कोणी नाहीं, तो क्रूस परक्याच्या दृष्टीला रस्त्यांतील अडथळा दिसला तर त्यास दोष कसा द्यावा?

घरें विकूं नका असें मी म्हणत नाहीं. संसाराच्या गरजा मला ठाऊक आहेत. माझें मागणें लहान आहे. प्रत्येक कुटुंबानें एका क्रूसाचा भार घ्यावा. त्यावरचीं अक्षरें वहींत उतरून घ्यावीं. घरांतील वडील माणसांस विचारावें: विहीर कोठें होती, लग्नाच्या आदल्या दिवशीं ‘उंबराचें पाणी’ कोठून आणीत, ही वाट पूर्वी कोठें जात असे? तें लिहून देवळांत आणून द्यावें. आणि मुलांचा हात धरून त्यांस एकदां या वाटांनीं फिरवावें.

ज्युबिलीचे दिवे चार दिवसांनीं उतरतील. त्या आजीचा दिवा मात्र विझूं नये, एवढी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो.