बालआरोग्याची हमी : कायद्याने हवी

(पेठ येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)

नाशिकहून पेठला येताना सावळघाट लागतो. आज आपण सारे दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्याने येथे आलो. परंतु आषाढातल्या रात्री, धाप लागलेले मूल पोटाशी धरून हाच घाट ओलांडू पाहणाऱ्या आईच्या दृष्टीने नाशिक किती दूर असते, याचा विचार मनात ठेवूनच आजच्या विषयाकडे वळले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेच्या वस्तीवर मला या भागातले एक जोडपे भेटले. भात-नागलीची कापणी आटोपून, मुकादमाकडून उचल घेऊन ते बागेच्या कामाला आले होते. त्यांच्या दीड वर्षाच्या मुलीला न्युमोनिया झाला. तिची अंगणवाडीतील नोंद गावी, शिधापत्रिका गावी, आणि त्या शिधापत्रिकेवर मुलीचे नाव अजून चढलेलेच नव्हते. रात्री जो खासगी दवाखाना उघडा सापडला तेथे ते गेले. मुलगी वाचली. बिल मुकादमाने भरले आणि उचलीत मांडले. बाप मला म्हणाला, ''दादा, पोर वाचली. पण पुढचा सीझन मुकादमाच्या नावावर गेला.''

या हकिगतीत दुष्ट माणूस कोणीही नाही. डॉक्टरने उपचार केले, मुकादमाने अडल्या वेळी पैसे दिले. तरीही पाच दिवसांच्या आजाराने एका कुटुंबाचे वर्षभराचे श्रम गहाण पडले. जेथे कोणा व्यक्तीचा दोष दाखविता येत नाही तेथे दोष व्यवस्थेचा असतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना निराळे सांगावयास नको.

या व्यवस्थेचा इतिहास थोडा पाहू. आजारपणाच्या विम्याची कल्पना मुळात मजुरीच्या आधारावर उभी राहिली. जो कमावतो तो हप्ता भरतो, आणि जो हप्ता भरतो त्याला उपचार मिळतात. इंग्लंडात १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याची बायकामुले मात्र त्या उपचारांच्या बाहेरच राहिली. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कोठे प्रत्येक मुलाला, केवळ ते त्या देशात आहे एवढ्याच कारणाने, उपचार मिळू लागले. आपल्याकडे कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना १९५४ ची. या दोन्ही योजनांत कर्मचाऱ्याच्या मुलाला उपचार मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण ते त्याला बापाच्या नोकरीमुळे मिळतात. द्राक्षबागेत खुडणी करणाऱ्या बाईच्या मुलाला असा बाप कोठून आणावयाचा?

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच आपल्या अहवालात हे तत्त्व मांडून ठेवले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांना मुकता कामा नये. त्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ पासून नवजात अर्भकांना आणि पुढे वर्षापर्यंतच्या आजारी बालकांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचारांची योजना आली. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातील पालघर येथून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जीवनदायी योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांची मर्यादा ठरविण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्कही माफ झाले.

मग आपली मागणी शिल्लक काय उरते? मित्रहो, उरते ती मुख्य गोष्ट. विमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. पेठच्या मुलाला मारणारे आजार मात्र साधे असतात. जन्मतःच कमी वजन, अतिसार, न्युमोनिया. त्यांवरचा इलाज पहिल्या दिवशी, पाड्यावर, थोड्या पैशांत होतो. चौथ्या दिवशी तो पाच लाखांतही होईल असे नाही. आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेलच्या मुलाला नियमित गोळ्या आणि नियमित तपासणी लागते. त्याच्यासाठी शस्त्रक्रियांची यादी कितीही लांबविली तरी तिचा उपयोग थोडाच. शिवाय विम्याचा पैसा रुग्णालये जेथे आहेत तेथे जातो. कार्ड करंजाळीत किंवा जोगमोडीत, आणि योजनेची मोठी रुग्णालये नाशकात, अशी ही विभागणी आहे.

पहिला दिवस हुकला की काय होते ते या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात ५५ अर्भके दगावली. अनेक अर्भके अपुऱ्या दिवसांची, अपुऱ्या वजनाची, शेवटच्या अवस्थेत आणलेली होती, असे तेव्हा सांगण्यात आले. ते खरे मानले तरी प्रश्न संपत नाही, तेथे तो सुरू होतो. ती शेवटच्या अवस्थेपर्यंत कोठे थांबली होती?

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ही किमया गावातल्याच शिकलेल्या हातांनी, ठरल्या दिवशी झोपडीत पोहोचून केली. आज हे काम 'आशा' ताई करतात. बालआरोग्यावरचा खर्च प्रथम त्यांच्या मानधनावर आणि त्यांच्या पिशवीतल्या औषधांवर झाला पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. पैसा कोठून आणणार, असे आपल्याला हमखास विचारले जाईल. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, तिच्यासाठी १९७५ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हक्काचा खर्च उचलावा, हे तत्त्व या राज्याने तेव्हाच मान्य केले. त्या कायद्याचे खरे बळ निराळेच होते. काम मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागेल, असे बंधन त्याने शासनावर घातले. योजना शासनाच्या मर्जीने चालते. कायद्यापुढे मात्र शासनालाही जाब द्यावा लागतो.

श्रीमंतांच्या मुलांनाही मोफत का, असेही विचारले जाईल. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सरकारी शाळेच्या दारात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला बापाचे उत्पन्न विचारीत नाहीत. दवाखान्याच्या दारात तरी का विचारावे? गरिबी सिद्ध करण्याची अट घातली की तिच्यात पहिला अडकतो तो ज्याच्याजवळ कागद नाही तो गरीबच. व्हिएतनामसारख्या, युद्धात होरपळलेल्या देशानेही २००५ पासून सहा वर्षांखालील सर्व मुलांचे उपचार सरकारी खर्चाने सुरू केले. महाराष्ट्र त्याहून दरिद्री खास नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या राज्यातील पाच वर्षांखालील शंभरांतील सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ मुले कमी वजनाची आढळली.

म्हणून आपली मागणी चार कलमांची असावी. वय अठराच्या आत, एवढीच पात्रता. शिधापत्रिकेची अट नको. हक्क मुलाबरोबर चालावा. पेठचे मूल दिंडोरीत किंवा गुजरातेत गेले तरी नोंद आणि उपचार त्याच्यामागे जावेत. बाह्यरुग्ण उपचार, औषधे, वाहन आणि आईची बुडीत मजुरी या साऱ्यांचा खर्च हमीत असावा. कुपोषित बालकाला दाखल केल्यास पालकाला बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व नवसंजीवन योजनेने मान्य केलेलेच आहे. ते सर्व आजारी बालकांना लागू करावे. आणि चौथे, उपचार नाकारले गेले तर भरपाई देण्याचे बंधन कायद्यात असावे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. रोजगार हमीच्या वेळी देशाला वाट दाखविणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहू नये.

शेवटी, हे काम केवळ मुंबईच्या मोर्चाने होणार नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाडे पाठीवर घेऊन माणसे बाहेर पडतील, त्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या पाड्यावरची पाच वर्षांखालची मुले एका वहीत नोंदवावीत. नाव, वजन, लसी, आणि आईबाप कोणत्या गावी कामाला जाणार ते. परत आल्यावर ती वही पुन्हा उघडावी. कोणते मूल कोठे आजारी पडले, किती कर्ज झाले, आणि कोणते परत आलेच नाही, हे तीत लिहिलेले असेल. त्या वह्या घेऊन आपण विधिमंडळाच्या दारात उभे राहू, तेव्हा पैसा कोठून आणणार हा प्रश्न विचारणाऱ्यांना आधी त्या वहीतल्या नावांना उत्तर द्यावे लागेल.