शेवटचा ठावठिकाणा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘नोकरीतले अनुभव’ हा विषय दिला. माझी सारी नोकरी विमानतळाच्या दळणवळण विभागात गेली. म्हणून आज बेपत्ता होणाऱ्या विमानांबद्दल बोलतो. शेवटी तुमच्याकडे एक मागणेही आहे.

लांब कशाला, आपल्या शेजारचीच गोष्ट घ्या. १६ जुलै २०२१. तापीपलीकडे चोपडा तालुक्यात, वर्डी शिवारातल्या सातपुड्याच्या जंगलात एक छोटे प्रशिक्षण विमान कोसळले. ते शिरपूरहून उडालेले होते. प्रशिक्षक वैमानिक गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. आधी धावले ते आसपासचे आदिवासी बांधव. एका माउलीने अंगावरचे लुगडे सोडून दिले. त्याची झोळी करून त्या मुलीला चिखलातून, डोंगरातून खाली आणले. ती वाचली.

तुम्ही म्हणाल, विमानात यंत्रे असतात ना? असतात. जोराचा धक्का बसला की एक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप संकटाचा संदेश पाठवते. उपग्रह तो पकडतात आणि आपल्याकडे बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात तो पोहोचतो. पण आदळताना अँटेना तुटली किंवा विमान पाण्यात बुडाले की यंत्र मुके होते. ८ जून २०१५ला तटरक्षक दलाचे डॉर्नियर चेन्नईहून गस्तीला निघाले आणि तीन जणांसह नाहीसे झाले. जहाजे, विमाने, पाणबुडी सगळे लागले, तेव्हा महिनाभराने ते समुद्राच्या तळाशी सापडले.

अमेरिकेत स्टीव्ह फॉसेट हा नामांकित वैमानिक सप्टेंबर २००७मध्ये छोटे विमान घेऊन गेला, तो परतला नाही. मोठी शोधमोहीम झाली. वर्षभराने त्याची ओळखपत्रे सापडली, ती डोंगरात पायी फिरणाऱ्या एका माणसाला!

शोधाची सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने होते : शेवटचे कुठे दिसले? रडारवरचा शेवटचा ठिपका, रेडिओवरचा शेवटचा शब्द. तिथून वर्तुळ आखतात. त्रिज्या दुप्पट झाली की शोधायचे क्षेत्र चौपट होते. म्हणून उशीर परवडत नाही. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास विमानाची खबर नसेल, तर आम्ही फोन उचलायचो. मग पहिली पायरी अनिश्चिततेची, दुसरी सावधतेची, तिसरी संकटाची.

आता माझे मागणे. या मेळाव्याची यादी मी पाहिली. अकरा नावांपुढे ‘संपर्क नाही’ लिहिले आहे. त्यातला एक माझ्याच बाकावर बसायचा. भिलाटीतून यायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार. माझी कितीतरी उदाहरणे त्याने सोडवून दिली. नववीच्या दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. सरांनी आठवडाभर हजेरीत नाव घेतले, पुढे घेणे बंद झाले. कोणी म्हणाले, घरचे ऊसतोडीला गेले. भिलाटी शाळेपासून दहा मिनिटांवर होती. मी एकदाही विचारायला गेलो नाही.

अर्धा तास उशीर झालेल्या अनोळखी विमानासाठी मी रात्र-रात्र जागलो. आणि माझ्या बाकावरचा सोबती चाळीस वर्षे आला नाही, तर मी एक फोनही केला नाही. ही खंत आज तुमच्यासमोर बोलून दाखवतो.

गेल्या आठवड्यात भिलाटीत जाऊन आलो. म्हाताऱ्या माणसांनी ओळखले. त्याची बहीण पारोळ्याकडे दिलेली आहे, एवढे कळले. माझ्यासाठी हाच शेवटचा ठिपका. उद्या सकाळी तिकडे निघतो आहे.

उरली दहा नावे. प्रत्येकाने एक घ्यावे. कुठल्या गल्लीत राहायचा, कोणाबरोबर यायची, शेवटचे कोणी पाहिले, एवढ्यापासून सुरुवात करा. काहींची वाईट बातमी कळेल, तीही कळू द्या. वर्डीच्या माणसांजवळ उपग्रह नव्हता. आवाज ऐकून ते धावले होते. आपल्याला तर नावे ठाऊक आहेत.