आधी मूठभर कापूस दाखवा

अमरावती-अकोल्यातली बरीच मुलंमुली आज एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात दुकान वर आणण्याचं काम शिकली आहेत. शिकणं झालं, लॅपटॉप आला, पण पहिला ग्राहक काही येत नाही. त्यांना एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी नमुना दाखवा, मग पैशाचं बोला. कापसाच्या बाजारात व्यापारी बंडीत हात खुपसतो, आतून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून लांबी पाहतो, ओल पाहतो, आणि मगच भाव बोलतो. शेतकऱ्यानं कितीही वर्णन केलं तरी त्याचा हात आत जातोच. आपला दुकानदार याच बाजारात वाढला आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर तो भाव कसा ठरवेल?

नमुना शोधायला लांब जायला नको. इंग्रजीत अमरावती लिहिताना एक ‘ए’ जास्त पडला, की आंध्र प्रदेशातली अमरावती पुढे येते. २०१५ साली राजधानी म्हणून तिची पायाभरणी झाली, तेव्हापासून ते नाव देशभर गाजतं आहे. अकोल्यासारख्याच नावाचं अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अशा गोंधळात आपला व्यापारी कुठे हरवतो, ते त्याला दाखवा. मात्र त्याच्या दुकानात बसून शोधू नका. गूगलच्या नकाशावर क्रम लागताना नेमकेपणा आणि नावलौकिक यांच्याबरोबर अंतरही मोजलं जातं, त्यामुळे दुकानातून पाहिलं तर दुकान वरच दिसेल. अमरावतीच्या बिझीलँड बाजारातल्या ठोक कापडवाल्याला म्हणावं, दर्यापूरच्या तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाला फोन लावा आणि दुकानाचं नाव न घेता ‘होलसेल कुर्ती’ एवढंच शोधायला सांगा. काय दिसलं, ते त्यानं आपल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकावं. मग गूगलवरच्या त्याच्या नोंदीतली चुकलेली वेळ, जुना फोन नंबर, न टाकलेले फोटो एवढं नीट करून द्या. ही झाली मूठ.

कुणी म्हणेल, फुकट काम केलं की किंमत राहत नाही. बरोबर आहे, पण मूठ दाखवणं म्हणजे बंडी रिकामी करणं नव्हे. वेबसाइटची दुरुस्ती, मजकूर, महिनोन्महिन्यांची देखरेख याचे पैसे पहिल्या दिवसापासून घ्या. दुसरा आक्षेप असा, की इथले व्यापारी ओळखीवर चालतात, त्यांना गूगल कशाला? अहो, ओळखीनं नाव कळलेला परतवाड्याचा माणूससुद्धा निघण्याआधी दुकान उघडं आहे का, हे फोनवरच पाहतो. परदेशी ग्राहक जास्त पैसे देतात हे खरं, पण तिथेही आधी केलेलं काम विचारतातच, आणि ते दाखवायला इथलं एखादं दुकान हाताशी लागतं.

एका गोष्टीबद्दल मात्र रागावून सांगतो. ‘महिन्यात पहिला नंबर’ असं लिहून देऊ नका. पाणी मारलेल्या कापसाचं वजन काट्यावर वाढतं, पण ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की हमीभावाच्या खरेदीत तो घेत नाहीत. खोटे अभिप्राय, विकत घेतलेल्या लिंका हे तसंच पाणी आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. फरक दिसायला बहुधा चार महिने ते वर्ष लागतं, हेही तेच सांगतं. हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगा. त्यानं एखादा निघून जाईल. जो थांबेल, तो पुढे दुसऱ्याला तुमचं नाव सांगेल. आणि तोवर दाखवायला काय? पुन्हा तेच, नमुना. आधी नोंद कशी होती आणि आता कशी आहे, दोन्हींचे फोटो ठेवा. त्या नोंदीवरून महिन्याला किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, हे आकडे गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्येच मिळतात.

वेळ संपत आली. पैसे किती मागावेत, हे राहूनच गेलं. एवढं मात्र ध्यानात ठेवा: चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्याकडे पावसाळा लागल्यावर जाऊ नका. त्याची गर्दी पावसात असते आणि तुमच्या कामाला चार महिने तरी हवेत. म्हणजे त्याच्याकडे जानेवारीतच, तो निवांत असताना...