गाळलेला शब्द कोणाचा?



इंग्रजी व्याकरणाशी कामगाराला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण पगाराचे करार पुष्कळदा इंग्रजीतच असतात. ‘द मॅनेजर टोल्ड द क्लार्क दॅट ही वॉज ट्रान्स्फर्ड.’ बदली झाली कोणाची? ‘ही’ दोघांनाही लागतो. मराठीत ‘माझी’ की ‘तुझी’ हे सांगता येते.

गाळलेल्या शब्दाचेही तसेच. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, जादा कामाचा वाढीव दर ज्यांना लागू नाही अशा कामांची यादी होती. नाशवंत माल डबाबंद करणे, साठवणे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘पॅकिंग’आधी ‘ऑर’ नाही, ‘शिपमेंट’पुढे स्वल्पविराम नाही. मग वाटप हे निराळे काम, की वाटपासाठी बांधणी एवढेच? ओकहर्स्ट डेअरीचे चालक माल पोचवीत, बांधीत नसत. २०१७ साली अपील न्यायालयाने संदिग्धतेचा लाभ चालकांना दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

न्यायालय दर वेळी असेच पावेल, असा भरवसा नाही. म्हणून सहीपूर्वी प्रत्येक सर्वनामाला विचारा, ‘तू कोणाचा?’ आणि गाळलेला शब्द लिहून पाहा. तो दोन तऱ्हांनी भरता आला, तर मालक आपल्या सोयीचाच भरील.