हिंदुस्थानातून आलेला काका

(बालवाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने मुलांच्या कादंबरीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु दारिद्र्याचे जे आकडे मी वर्गात फळ्यावर मांडत असे, त्यांच्यामागे घरे असतात आणि त्या घरांत मुले असतात. त्या मुलांना काय दिसते, हे आमची पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेची १८९९ साली प्रसिद्ध झालेली 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' ही कादंबरी ते सांगते.

लंडनच्या लुइशॅम रोडवर राहणारी बॅस्टेबल कुटुंबातली ही सहा भावंडे. आई वारलेली. वडील आजारी पडतात, धंद्यातला भागीदार स्पेनला निघून जातो आणि घराला उतरती कळा लागते. मुलांना ती कशी उमगते? चांदीचे काटेचमचे दुकानात जातात, ते परत येत नाहीत. खाऊचे पैसे बंद होतात. शाळा सुटते. उघडपणे कोणी काही सांगत नाही. पण मुलांना समजायचे ते समजते. मग ती गुप्तधन शोधायला निघतात. जमीन खणतात, कविता विकायला जातात, वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून सावकाराचे दारही ठोठावतात.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. फळीवरची पितळी भांडी एकेक करून दिसेनाशी झाली. आई म्हणे, "कल्हईला दिली आहेत." भांडी काही परत आली नाहीत. बहिणीने पुन्हा विचारले नाही. मात्र शाळेच्या सहलीची चिठ्ठी तिने घरात कोणाला दाखवलीच नाही. ती दप्तराच्या तळाशी मला पुढे सापडली. हे पुस्तक वाचताना मला त्या चिठ्ठीची आठवण झाली.

नेस्बिटबाईंचे ज्ञान ऐकीव नव्हते. विवाहानंतर लवकरच पती ह्यूबर्ट ब्लँड देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळले आणि त्यांचा भागीदार पैसे घेऊन पसार झाला. घर चालवण्यासाठी बाईंनी लेखणी हाती घेतली. १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांत हे पतिपत्नी होते. म्हणजे लेखिका आपल्याच विचारकुळातली.

म्हणूनच कादंबरीचा शेवट मला अस्वस्थ करतो. घरी हिंदुस्थानातून एक काका येतो. मुले गैरसमजाने त्याला गरीब समजतात, त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवतात, साठवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवतात. हा प्रसंग अतिशय हृद्य आहे. काका निघतो श्रीमंत, आणि त्याच्या पैशाने बॅस्टेबलांचे दैन्य फिटते.

हा पैसा आला कोठून? मुले विचारत नाहीत. समाजवादी लेखिकाही विचारत नाही. त्या काळात दादाभाई नौरोजी लंडनमध्येच हा प्रश्न विचारत होते. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले होते आणि हिंदुस्थानची संपत्ती मोबदल्याविना इंग्लंडकडे वाहत आहे, हा सिद्धांत मांडणारा त्यांचा ग्रंथ १९०१ साली निघाला. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच १८९९ साली मुंबई इलाख्यात पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडला. लुइशॅमच्या मुलांना काका भेटला; दख्खनच्या मुलांच्या वाट्याला दुष्काळी कामावरची खडी आली. या एका काकाने कोणाला लुबाडले, असे माझे म्हणणे नाही. कादंबरीत तसे काही नाही. प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे.

मग हे पुस्तक फेकून द्यावे काय? मुळीच नाही. गरिबी ही मुलांच्या लेखी आधी लाज असते, आणि ती लाज हसतखेळत दूर करण्याचे काम हे पुस्तक करते. आमच्या पत्रकांना ते साधलेले नाही. संकट आपल्या दोषाने आलेले नाही, एवढे एखाद्या मुलाला उमगले तरी दप्तरातली चिठ्ठी बाहेर येईल.

तेव्हा माझी विनंती इतकीच, की आपापल्या वाचनालयात मुलांना ही गोष्ट मराठीत सांगा. काका आल्यावर मात्र क्षणभर थांबा आणि त्याच्याजवळ एवढे पैसे कोठून आले असतील, हे मुलांनाच विचारा. उत्तराची घाई करू नका. आणि ज्यांच्या घरी कोणी काका येणार नाही, त्यांचे काय, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यावर आहे.