शेजारचं चर्च आणि आपला विहार
(वर्षावासातील व्याख्यानमालेत झालेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला, ख्रिस्ती धर्म आणि इतर धर्म. आम्ही गिरणी कामगार. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे वाचलं ते पाळी संपल्यावर, खोलीतल्या दिव्याखाली. त्यामुळे पंडिताचं भाषण आमच्याकडून होणार नाही, पण खोटंही बोलणार नाही.

हा विषय आजच का? आपल्या वस्तीतली काही माणसं घरात आजारपण आलं की प्रार्थनासभेला जातात. त्यावरून कुजबुज होते, कुणी त्या घराशी बोलणं टाकतं. म्हणून आधी समजून घेऊ की ख्रिस्ती माणूस मानतो काय, करतो काय. न समजता केलेली निंदा धम्मात बसत नाही.

ख्रिस्ती माणूस मानतो की देव एक आहे, त्यानं जग निर्माण केलं. आदाम आणि हव्वा यांनी त्याची आज्ञा मोडली, तेव्हापासून माणूस पापी झाला. त्या पापातून सोडवायला देवानं आपला पुत्र येशू पाठवला. तो वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. गुड फ्रायडे आणि ईस्टर हे सण त्याचेच. मुसलमान बांधवही येशूला, म्हणजे ईसाला, मानतात, पण पैगंबर म्हणून. देवाचा पुत्र म्हणून नाही. त्याच्या आईच्या, मरियमच्या, नावाचा एक अध्यायच कुराणात आहे.

आपलं तसं नाही. बाबासाहेबांनी 1950 साली महाबोधी संस्थेच्या मासिकात लेख लिहून येशू, महंमद, कृष्ण आणि बुद्ध यांची तुलना केली. त्याचं सार असं: एकानं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, दुसऱ्यानं देवाचा अखेरचा प्रेषित म्हटलं, तिसऱ्यानं स्वतःलाच देव म्हटलं. बुद्धानं स्वतःसाठी अशी कुठलीच जागा ठेवली नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. ख्रिस्ती माणूस पापापासून सुरुवात करतो, आपण दुःखापासून. पापाला क्षमा मागावी लागते, दुःखाचं कारण शोधावं लागतं. हा फरक लहान नाही. गरिबाला सांगितलं की तुझं हे तुझ्या पापामुळे झालं, तर तो समाजाकडे बोट कसं दाखवणार? बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांविषयी लिहिताना नेमका हाच आक्षेप घेतला आहे.

आता उपासना. ख्रिस्ती लोकांत पंथ पुष्कळ. रोमन कॅथलिकांत फादर आणि सिस्टर, लग्न न करणारे. मास होतो, मदर मेरी आणि संतांच्या मूर्ती असतात, फादरपुढे पापाची कबुली द्यायची असते. 1517 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला, त्यातून प्रोटेस्टंट निघाले. त्यांच्यात मूर्ती नाही, पाळक लग्न करू शकतो, सगळा भर पवित्र शास्त्र वाचण्यावर. दोघांतही पाण्यानं बाप्तिस्मा आहे आणि येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना ऐका कधी. पेटी, तबला, भजनाच्या चाली. फादर स्टीफन्स हा इंग्रज, पण 1616 साली छापलं गेलेलं ख्रिस्तपुराण त्यानं लिहिलं ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, त्यांनी अभंगासारखी गीतं लिहिली. धर्म बदलला पण जिभेवरची मराठी गेली नाही.

आता मेणबत्ती घ्या. ती विहारातही लागते आणि बांद्र्याच्या मोतमाऊलीपुढेही लागते. तिथं सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात. आपली मेणबत्ती नवसाची नाही. ती विझते तसं आपणही अनित्य आहोत, ही आठवण देण्यासाठी ती आहे. आपल्या मुलांना हा फरक सांगा, नाहीतर तीही उद्या विहारात परीक्षेचा नवस बोलतील.

मग चर्चमध्ये जात नाही का? शास्त्रात नाही, माणसांत आहे. गिरणीत आपल्या माणसांना साळखात्यात घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपला ओठ लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. मद्रासकडच्या चर्चमध्ये हेच प्याल्याचं झालं. प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला ओठ लावायला उच्चजातीय ख्रिस्ती तयार नव्हते. 1833 साली बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधली जात बंद करण्याचा हुकूम काढला, तर कितीतरी माणसं चर्च सोडून गेली, पण जात सोडली नाही. तामिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातीजातींमध्ये भिंत होती. त्रिचीच्या ख्रिस्ती स्मशानातही भिंत घातली गेली. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही! पण न्यायानं बोलायचं तर हेही सांगितलं पाहिजे की 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी जातिभेद हे पाप आहे असं धोरणच जाहीर केलं, आणि 2022 साली हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले.

त्यांच्याकडे घेण्यासारखं काय? रविवार. दर आठवड्याला कुटुंबासह एकत्र बसणं. मुलांची संडे स्कूल. मिळकतीतला दशांश देण्याची शिकवण. आणि सर्वात मोठं, कुणी आजारी पडलं की त्याच्या घरी जाणं. प्रार्थनासभेला जाणारी आपली माणसं शास्त्र वाचून जात नाहीत. उशाशी कुणीतरी येऊन बसतं, हात धरतं, म्हणून जातात. त्यांना आम्ही एवढंच सांगू, प्रार्थनेला जा, पण डॉक्टरची गोळी बंद करू नका.

आणि हे आपल्याला परकं नाही. विनयपिटकात आहे, आजारी भिक्खू मळात पडला होता, त्याला खुद्द बुद्धानं आनंदासह अंघोळ घातली आणि संघाला बजावलं की ज्याला माझी सेवा करायची त्यानं रुग्णाची सेवा करावी. बाबासाहेबांनीही नागपूरला दीक्षेनंतरच्या भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या असं सांगितलं. तेव्हा विहार समितीपुढे आमची सूचना अशी की रविवारी सकाळी एक तास विहारात वंदना आणि मुलांचा वर्ग व्हावा, आणि पाच जणांचं रुग्णभेट पथक नेमावं. पथकानं घराचा धर्म विचारू नये.

शेवटची गोष्ट हक्काची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे अशी अट होती. 1956 साली शीख आले, 1990 साली बौद्ध आले. दीक्षेनंतर 34 वर्षं आपण दारात उभे होतो. धर्म बदलला, पण घर तेच, गल्ली तीच, पाहणाऱ्याची नजर तीच, हे आपण सरकारला ओरडून सांगितलं. आज दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान तेच सांगत आहेत. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगानं त्यांच्या बाजूनं शिफारस केली, 2022 साली आणखी एक आयोग नेमला गेला. काही जण म्हणतात, वाटेकरी वाढतील. ही भीती खोटी नाही, पोटाची आहे. म्हणून जागा वाढवून मागू. पण जो युक्तिवाद आपल्यासाठी खरा होता तो शेजाऱ्यासाठी खोटा कसा ठरेल?

त्यांचा देव आपण मानत नाही आणि मानणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत. पण ज्या घराशी बोलणं टाकलं आहे, त्या घरी या आठवड्यात कुणीतरी जावं. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!