काडीवर हक्क कोणाचा?
(ओझर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात 'पेटंटची जात' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. परवान्यावर आलेली परदेशी द्राक्षजात, रोपाबरोबर इंग्रजी करार आणि 'काडी शेजाऱ्याला दिली तर कोर्टात खेचतील' ही धास्ती. तास-ए-गणेश, सोनाका या जाती आपल्याच बागाईतदारांनी थॉमसनच्या बागांतून निवडून काढल्या. त्यांच्या काड्या गावोगाव गेल्या तेव्हा परवाना कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

पहिली गोष्ट ही, की आपल्या देशात वनस्पतीच्या जातीला पेटंट मिळतच नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन कलम ३ (जे) आले. झाड, झाडाचा भाग, बियाणे, जात आणि निसर्गाच्या रीतीने होणारी पैदास यांना त्यात पेटंट नाकारले आहे. मग कापसाच्या बियाण्यावर पेटंटचा खटला कसा उभा राहिला?

त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. जालन्याच्या महिकोला २००२ मध्ये बीटी कापसाची परवानगी मिळाली. त्या पहिल्या बोलगार्डच्या जनुकाला भारतात पेटंटच नव्हते, तरी पाकिटात तंत्रज्ञानाची फी होतीच! दुसऱ्या बोलगार्डच्या जनुकासाठी मोन्सँटोने नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्ज केला होता आणि २००८ मध्ये पेटंट मिळाले. पुढे फीवरून नुझिवीडू सीड्सशी बिनसले, परवाना रद्द झाला आणि २०१६ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी केंद्र सरकारने पाकिटाची किंमत ८०० रुपये आणि त्यातली फी ४९ रुपये ठरवून दिली.

अशा खटल्यात न्यायालय दोन गोष्टी पाहते. ज्यावर पेटंट दिले ती वस्तू मुळात पेटंट देण्याजोगी होती का? आणि पेटंटच्या कागदात जो दावा लिहिला आहे, तेच समोरच्याने केले का? हा दावा शब्दाशब्दाने वाचतात. मोन्सँटोचे म्हणणे, आम्ही बियाणे मागतच नाही, प्रयोगशाळेत रचलेला जनुक आमचा. नुझिवीडूचे म्हणणे, जनुक एकदा झाडात गेला की पुढे तो परागीभवनाने, संकराने जातो. आम्ही संकर करतो. तो झाडाचा भाग झाला, कलम ३ (जे) लागू.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा संकर म्हणजे फुलाची खुडणी, परागकण आणि पिशवी. त्या कामात वकिलाचा संबंध येईल असे कुणी शिकवले नव्हते.

२०१७ मध्ये एका न्यायमूर्तींनी सांगितले की पेटंटच्या वैधतेचा निवाडा पुराव्यानिशी होईल, तोवर सरकारी दराने परवाना चालू ठेवा. एप्रिल २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पेटंटच रद्द ठरवले. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारला. हा गुंतागुंतीचा शास्त्रीय प्रश्न तज्ज्ञांची साक्ष घेतल्याशिवाय नुसत्या कागदांवर सुटणार नाही, म्हणून खटला पुन्हा एका न्यायमूर्तींकडे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेटंटची वीस वर्षे भरली. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवले. एवढे सगळे होऊन, बियाण्यात शिरलेल्या जनुकावर पेटंट चालते की नाही, याचा अखेरचा निकाल या खटल्यातून मिळालाच नाही. तडजोडीच्या टेबलाशी शेतकऱ्याला खुर्ची नव्हती.

आम्ही नव्या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. शोध लावणाऱ्याला मोल मिळालेच पाहिजे. पण दावा काय आहे आणि किती काळाचा आहे, हे पैसे मोजणाऱ्याला कळले पाहिजे.

आता द्राक्षाकडे या. आपल्या जातींना लागू होतो तो २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यात वेलींना अठरा वर्षांपर्यंत संरक्षण आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपले बियाणे राखायला, पेरायला, द्यायला-घ्यायला आणि विकायलाही मुभा दिली आहे. फक्त ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही. आणि त्या कायद्यात बियाणे म्हणजे जिच्यापासून तसेच झाड उगवते अशी कोणतीही लागवडीची वस्तू. काडीसुद्धा!

गुजरातमध्ये याचीच परीक्षा झाली. २०१९ मध्ये पेप्सिकोने एफएल २०२७ हा बटाटा लावला म्हणून शेतकऱ्यांवर दावे टाकले, काहींकडून प्रत्येकी कोटीवर भरपाई मागितली. गदारोळ झाला आणि मे महिन्यात दावे मागे घेतले. त्यामुळे कलम ३९ वर न्यायालयाचा निकाल तिथेही झाला नाही. त्या बटाट्याची नोंदणी २०२१ मध्ये प्राधिकरणाने रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द करणे रद्द केले.

म्हणून गाफील राहू नका. कलम ३९ ची सुरुवात 'या कायद्यात काहीही असले तरी' अशी आहे. 'करारात काहीही असले तरी' असे तिथे लिहिलेले नाही. तुम्ही सही करून काडी न देण्याचे कबूल केले असेल, तर कंपनीचा वकील कायद्यावर नाही, तुमच्या सहीवर बोट ठेवील.

तेव्हा पुढच्या बैठकीला ज्यांनी परवान्याची रोपे लावली आहेत त्यांनी कराराची झेरॉक्स घेऊन यावे. जात कायद्याखाली नोंदलेली आहे का, कोणत्या तारखेला, मुदत केव्हा संपते, बाग काढायची वेळ आली तर काय, वाद झाला तर कोर्ट नाशिकचे की परदेशातले, ही पाने वकिलांसमोर एकत्र बसून वाचू. ज्यांनी अजून सही केलेली नाही, त्यांनी तोवर थांबावे.